विधेयक दुसऱ्यांदा वाचणारे सभागृह

५ ऑगस्ट २०१९ ही तारीख बहुतेकांच्या लक्षात आहे ती कलम ३७० मुळे. राज्यसभेत तो विषय पेटलेला असताना त्याच दिवशी लोकसभेने एक वेगळेच विधेयक मंजूर केले. ते होते सरोगसी नियमन विधेयक. ज्या स्त्रीला काही कारणाने गर्भ वाढवता येत नाही, तिच्यासाठी दुसऱ्या स्त्रीने तो वाढवायचा, तर कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अटींवर, हे ठरवणारा हा कायदा. पैशाच्या बदल्यात होणाऱ्या सरोगसीवर बंदी घालायची आणि फक्त परोपकार म्हणून केलेली सरोगसी ठेवायची, असा त्याचा गाभा होता.

त्यातल्या दोन अटी मुद्दाम जवळून बघण्यासारख्या आहेत.

पहिली अट वंध्यत्वाच्या व्याख्येत होती. पाच वर्षे प्रयत्न करूनही मूल झाले नाही, तरच ते जोडपे वंध्य मानायचे. कागदावर हे ठीक वाटते. पण जिला जन्मतःच गर्भाशय नाही, किंवा कर्करोगामुळे ज्या बाईचे गर्भाशय काढावे लागले, तिने पाच वर्षे कशाची वाट बघायची? तिच्या डॉक्टरला उत्तर पहिल्याच दिवशी माहीत असते.

दुसरी अट अशी की सरोगेट माता त्या जोडप्याची निकटची नातेवाईकच असली पाहिजे. हेतू चांगला होता. गरीब बायकांच्या शरीराचा बाजार होऊ नये, दलालांनी मधे घुसू नये, म्हणून घरातल्याच कुणीतरी हे करावे. पण आपल्याकडची घरे डोळ्यांसमोर आणा. थोरल्या जावेला मूल नाही, धाकटीला दोन आहेत. सासू म्हणते, नवरा म्हणतो, चार नातेवाईक म्हणतात, ‘एवढे घरासाठी कर.’ ती धाकटी जाऊ नाही म्हणू शकेल का? बाजारातली जबरदस्ती निदान दिसते तरी, घरातली दिसतही नाही. शिवाय ज्या कुटुंबात योग्य वयाची, विवाहित, स्वतःचे मूल असलेली आणि तयार असलेली नातेवाईक स्त्रीच नाही, त्या जोडप्याला हा कायदा दार बंद करत होता.

लोकसभेत हे विधेयक मंजूर झाले ते या दोन्ही अटींसह. मग ते राज्यसभेत आले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये दोन दिवस चर्चा झाल्यावर सभागृहाने ते आपल्या २३ सदस्यांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे तेवढे एक विधेयक तपासण्यासाठी नेमलेल्या समितीकडे, सोपवले. अध्यक्ष होते भूपेंद्र यादव, म्हणजे सत्ताधारी पक्षाचेच खासदार. समितीने डॉक्टरांना, वकिलांना, या क्षेत्रात काम करणाऱ्यांना बोलावले, लेखी निवेदने घेतली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अहवाल दिला. पाच वर्षांची अट काढून टाका, असे त्यात म्हटले होते. ‘निकटची नातेवाईक’ या शब्दांऐवजी ‘इच्छुक स्त्री’ असे लिहा, हेही होते. ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांनाही सरोगसीचा मार्ग मोकळा करा, अशी शिफारस होती. सरोगेट मातेच्या विम्याची मुदत १६ महिने होती. बाळंतपणानंतरचे त्रास पुष्कळदा उशिरा डोके वर काढतात, त्यामुळे ती ३६ महिने करा, असे समितीने सुचवले. आणि कृत्रिम गर्भधारणेचे उपचार करणाऱ्या दवाखान्यांसाठी वेगळा कायदा आधी आणा, कारण सरोगसी शेवटी याच दवाखान्यांतून होते.

सरकारने यातले बरेच स्वीकारले. ८ डिसेंबर २०२१ ला राज्यसभेने दुरुस्त केलेले विधेयक मंजूर केले, कृत्रिम गर्भधारणेचे विधेयकही त्याच दिवशी झाले. १७ डिसेंबरला लोकसभेने राज्यसभेच्या दुरुस्त्या मान्य केल्या, आणि जानेवारी २०२२ पासून कायदा लागू झाला. आज मुंबई-पुण्यातल्या एखाद्या वंध्यत्व उपचार केंद्रात सरोगसीसाठी गेलेल्या विधवा बाईला कायदा आत येऊ देतो, तो राज्यसभेच्या त्या समितीमुळे.

वरिष्ठ सभागृह कशासाठी हवे, असे कुणी विचारले की मला हे उदाहरण सांगावेसे वाटते. यात सरकार पडले नाही, कुणाचा मोठा विजय झाला नाही, कुणी विधेयक अडवूनही धरले नाही. एक मजकूर दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या वेळी, सावकाश वाचला आणि त्यातली चूक सापडली.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. या दोन्ही अटी चुकीच्या आहेत हे आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने २०१७ मध्येच सांगून ठेवले होते. तरीही २०१९ चे विधेयक त्याच अटी घेऊन आले. स्थायी समितीचा सल्ला सरकारवर बंधनकारक नसतो. मग राज्यसभेच्या समितीचे का ऐकले गेले? कारण तोपर्यंत विधेयक अर्ध्या वाटेवर होते. राज्यसभेची मंजुरी मिळाल्याशिवाय ते पुढे सरकणार नव्हते, आणि त्या वेळी राज्यसभेत सत्ताधारी पक्षाकडे स्वतःचे बहुमत नव्हते. सल्ल्याला वजन येते ते हातात किल्ली असली की. वरिष्ठ सभागृहाची सगळी उपयुक्तता या एका गोष्टीवर उभी आहे.

दुसरे सभागृह वेगळे का असते

दोन्ही सभागृहांत तेच लोक, त्याच पद्धतीने, त्याच दिवशी निवडून आले असते, तर दुसरे वाचन निव्वळ वेळ घालवणे ठरले असते. म्हणून घटनेने राज्यसभेची बांधणीच वेगळी केली.

लोकसभेचे ५४३ खासदार आपण थेट मतदान करून पाठवतो. राज्यसभेत सध्या २४५ जागा आहेत. त्यांपैकी २३३ सदस्य राज्यांच्या आणि काही केंद्रशासित प्रदेशांच्या विधानसभांचे आमदार निवडतात, आणि १२ जणांना साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांतील जाणकार म्हणून राष्ट्रपती नेमतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा येतात, गोव्याच्या वाट्याला एक. लोकसभा पाच वर्षांनी बरखास्त होते, राज्यसभा कधीच होत नाही. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. त्यामुळे एखाद्या वर्षी देशात एकाच पक्षाची लाट आली तरी ती राज्यसभेत लगेच पोहोचत नाही. तिथे पाच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीचेही प्रतिबिंब असते, तीन वर्षांपूर्वीच्याही आणि गेल्या वर्षीच्याही.

मतदानाची पद्धतही निराळी आहे. आमदार पसंतीक्रम देतात, आणि ठरावीक कोटा गाठणारा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रात २८८ आमदार. एका वेळी सहा जागांची निवडणूक असेल, तर २८८ ला सहा अधिक एक म्हणजे सातने भागायचे. उत्तर ४१ च्या थोडे पुढे येते, म्हणून कोटा ४२ च्या आसपास. ज्याच्याकडे ४२ आमदार, त्याचा एक खासदार नक्की. म्हणजे राज्यात विरोधी बाकांवर बसलेल्या पक्षालाही आपल्या ताकदीप्रमाणे माणूस पाठवता येतो. विधानसभेत ज्याचे बहुमत, सहाच्या सहा जागा त्याच्याच, असे इथे होत नाही.

घटना समितीत जुलै १९४७ मध्ये या सभागृहावर चर्चा झाली, तेव्हा काही सदस्यांचा त्याला विरोधच होता. स्वतंत्र देशाच्या प्रगतीला दुसरे सभागृह खीळ घालेल, अशी त्यांना भीती होती. समितीचे सदस्य गोपालस्वामी अय्यंगार यांनी उत्तर देताना फार मोठा दावा केला नाही. महत्त्वाच्या प्रश्नांवर भारदस्त चर्चा व्हावी, आणि क्षणाच्या आवेशात आलेला कायदा आवेश ओसरेपर्यंत थोडा थांबावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. शेवटचा शब्द लोकांनी निवडलेल्या सभागृहाचाच राहील, याचीही त्यांनी खात्री दिली.

हा शेवटचा शब्द कसा राहतो, तेही बघू. लोकसभेने मंजूर केलेले साधे विधेयक राज्यसभेत आले की तिच्यापुढे चार वाटा असतात. जसेच्या तसे मंजूर करायचे, दुरुस्त्या करून परत पाठवायचे, फेटाळायचे, किंवा काहीच न करता ठेवून द्यायचे. दुरुस्त्यांवर एकमत झाले नाही, विधेयक फेटाळले गेले किंवा सहा महिन्यांहून जास्त काळ पडून राहिले, तर राष्ट्रपती दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिथे सगळे एकत्र बसून मतदान करतात, आणि लोकसभेचे सदस्य दुपटीहून जास्त असल्यामुळे सहसा तिचेच चालते. स्वातंत्र्यानंतर विधेयकासाठी अशी बैठक फक्त तीनदा झाली: १९६१ मध्ये हुंडाबंदीसाठी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोगाचा कायदा रद्द करण्यासाठी आणि २००२ मध्ये ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्यासाठी. हे अस्त्र असे क्वचितच बाहेर निघते. एरवी सरकारला राज्यसभेशी बोलून, देवाणघेवाण करूनच पुढे जावे लागते. जीएसटीच्या घटनादुरुस्तीत तेच झाले. मालाच्या आंतरराज्य पुरवठ्यावर उत्पादक राज्यांसाठी एक टक्का जादा कर लावण्याची तरतूद लोकसभेने २०१५ मध्ये मंजूर केली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये राज्यसभेतून विधेयक बाहेर पडले ते ही तरतूद वगळूनच.

घटनादुरुस्तीसाठी तर संयुक्त बैठकीची पळवाटही नाही. दोन्ही सभागृहांत वेगवेगळे विशेष, म्हणजे साध्याहून मोठे, बहुमत लागतेच. पंचायत राजची ६४ वी घटनादुरुस्ती १९८९ मध्ये राज्यसभेत पडली. राज्यांना वळसा घालून केंद्र थेट पंचायतींशी व्यवहार करू पाहते आहे, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. पंचायत राजची कल्पना मात्र तिथे संपली नाही. नव्या रूपात ७३ वी दुरुस्ती म्हणून ती परत आली, डिसेंबर १९९२ मध्ये मंजूर झाली आणि पुढच्या एप्रिलपासून लागू झाली. आपल्या ग्रामपंचायतींतले महिलांचे आरक्षण त्या दुरुस्तीने दिले.

खरे काम समितीत होते

टीव्हीवर आपल्याला दिसते ते सभागृह: घोषणा, फलक, तहकुबी. त्यावरून राज्यसभेचे मोल ठरवायला गेलो तर निराशाच पदरी येईल. ज्या ८ डिसेंबरला सरोगसीचे विधेयक राज्यसभेत मंजूर झाले, त्या दिवशीही सभागृहात आधी निलंबित झालेल्या १२ सदस्यांवरून गदारोळ चालू होता. चांगला कायदा त्या दिवशीच्या भाषणांतून घडला नाही. तो दीड-दोन वर्षे आधी समितीच्या खोलीत घडला होता.

समितीत कॅमेरे नसतात. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे मतदारसंघाला किंवा पक्षश्रेष्ठींना दाखवण्यासाठी बोलण्याची गरज उरत नाही. अमुकच मत द्या असा पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिपही, तिथे चालत नाही. विधेयक कलम कलम करून समोर ठेवतात. खात्याचा सचिव समोर बसतो आणि त्याला विचारले जाते, ‘हा आकडा पाचच का? तीन का नाही?’ पुष्कळदा उत्तर नसते. मसुदा लिहिताना कुणीतरी तो आकडा टाकलेला असतो आणि पुढच्या प्रत्येकाने तो पुढे ढकललेला असतो. कायद्याची भाषा अशी असते की एका शब्दाने लाखो माणसांचे दार उघडते किंवा बंद होते. ‘निकटची नातेवाईक’ आणि ‘इच्छुक स्त्री’ यांतला फरक भर सभागृहात, पाच मिनिटांच्या भाषणात, कुणाच्या लक्षात येणे अवघड. समितीत येतो.

इथे माणसांचाही प्रश्न येतो. लोकसभेची निवडणूक लढवायला जे लागते ते अनेक जाणत्या माणसांकडे नसते. हिंदू विवाह विधेयक १९५२ च्या अखेरीस आधी राज्यसभेत मांडले गेले. त्या विधेयकाचा प्रवास चालू असतानाच, १९५३ मध्ये, महामहोपाध्याय पां. वा. काणे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून त्या सभागृहात आले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा एवढा मोठा अभ्यासक हिंदू विवाहाच्या कायद्याच्या वेळी संसदेत बसलेला असावा, याहून नेमणुकीचा चांगला उपयोग मला सुचत नाही. डॉ. आंबेडकर १९५२ ची लोकसभा निवडणूक हरले आणि राज्यसभेतूनच संसदेत आले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी २००४ ते २०१० राज्यसभेत होते. मार्च २०१० मध्ये महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेने १८६ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर केले, त्यातले ते एक विरोधी मत जोशींचे होते. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरवण्याची त्यातली पद्धत त्यांना पटली नव्हती. त्यांचे म्हणणे पटो न पटो, पण लाखो शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरवणारा नेता एकट्याने उभा राहून कायद्याच्या रचनेवर बोट ठेवतो, हे ज्या सभागृहात होऊ शकते त्याची मला किंमत वाटते.

वळसा घातला की काय होते

वरिष्ठ सभागृहाचे मोल ते वापरले गेले नाही तेव्हाही कळते, आणि इथे आधारचे उदाहरण बोलके आहे.

घटनेत धन विधेयक नावाचा वेगळा प्रकार आहे. कर, सरकारी खर्च, कर्ज अशा विषयांपुरतेच असलेले विधेयक राज्यसभा अडवू शकत नाही. १४ दिवसांत शिफारशी करून परत पाठवायचे, शिफारशी मानायच्या की नाही ते लोकसभा ठरवते. एखादे विधेयक धन विधेयक आहे का, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. अर्थसंकल्प अडून देशाचा खर्च थांबू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती रास्त आहे. २०१६ मध्ये आधारचे विधेयक धन विधेयक म्हणून आले. अनुदान सरकारी तिजोरीतून जाते आणि आधार त्यासाठी आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

१६ मार्च २०१६ ला राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या. काँग्रेसचे खासदार जयराम रमेश यांनी त्या मांडल्या होत्या. ज्याला आधारमधून बाहेर पडायचे आहे त्याला ती मुभा द्या. खाजगी कंपन्यांना आधार वापरू देणारे कलम ५७ काढा. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली माहिती उघड करण्याची तरतूद आणखी काटेकोर करा. अशा त्या होत्या. लोकसभेने त्याच दिवशी पाचही नाकारल्या आणि कायदा झाला.

मग लोक न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा कायम ठेवला, धन विधेयक म्हणून तो आणणेही बहुमताने वैध ठरवले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र वेगळे निकालपत्र लिहून ही घटनेची केलेली फसवणूक असल्याच्या अर्थाचे कठोर मत नोंदवले. पण त्याच बहुमताच्या निकालाने कलम ५७ मधला खाजगी कंपन्यांचा भाग रद्द केला, आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या तरतुदीतही त्रुटी दाखवून ती बाद केली. राज्यसभेने अडीच वर्षांपूर्वी ज्या दोन कलमांवर बोट ठेवले होते, तीच ही कलमे. मधल्या काळात मोबाइलचे सिम आणि बँक खाते आधारला जोडा म्हणून कोट्यवधी लोकांना संदेश आले, रांगा लागल्या, बोटांचे ठसे जुळत नाहीत म्हणून म्हातारी माणसे परत फिरली. राज्यसभेचे ऐकले असते, तर त्यातली काही वणवण निश्चित वाचली असती.

२०२० चे तीन कृषी कायदे दुसऱ्या वाटेने गेले. ते धन विधेयक नव्हते, राज्यसभेत रीतसर आले होते. २० सप्टेंबर २०२० ला विरोधकांनी विधेयके प्रवर समितीकडे पाठवण्याची आणि मतविभागणीची, म्हणजे प्रत्येकाचे मत मोजण्याची, मागणी केली. गोंधळ झाला, आणि पहिली दोन विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. तिसरे दोन दिवसांनी झाले. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. दिल्लीच्या वेशीवर वर्षभर आंदोलन, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांत कायदे मागे. महाराष्ट्रात या कायद्यांबद्दल दोन मते होती. शेतकरी संघटनेसारख्यांनी त्यांचे स्वागत केले होते, कारण बाजार समित्यांच्या बंधनातून शेतकऱ्याला मोकळे करा ही त्यांची जुनी मागणी. मला वाटते, समितीकडे न पाठवल्याचा सर्वांत जास्त तोटा या समर्थकांचाच झाला. पंजाबचा गव्हाचा शेतकरी, लासलगावचा कांदा उत्पादक, अडत्या, हमाल, मापाडी, प्रक्रिया उद्योजक हे सगळे सहा महिने एका समितीपुढे येऊन बोलले असते, तर कदाचित वेगळ्या स्वरूपातला का होईना, पण टिकणारा कायदा झाला असता. घाईत झालेला कायदा तितक्याच घाईत गेला.

हे सुटे प्रसंग नाहीत. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींनुसार १५ व्या लोकसभेच्या काळात, म्हणजे २००९ ते २०१४, सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. १७ व्या लोकसभेच्या काळात, २०१९ ते २०२४, हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. दुसरे सभागृह जागेवर आहे, पण दुसरे वाचन कमी होत चालले आहे.

आपली विधान परिषद

केंद्राचे झाले. राज्यांत वरिष्ठ सभागृह असलेच पाहिजे असे नाही. सध्या सहाच राज्यांत विधान परिषद आहे आणि महाराष्ट्र त्यांतला एक. गोव्यात नाही. आपल्या परिषदेत ७८ सदस्य आहेत: ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे प्रत्येकी सात, आणि १२ राज्यपालनियुक्त.

परिषदेचे अधिकार राज्यसभेपेक्षा बरेच कमी आहेत. विधानसभेचे विधेयक ती पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना रोखू शकते. नंतर ते मंजूर झाले असे धरले जाते. किल्ली आहे, पण चार महिन्यांची.

तरीही परिषदेने काय दिले याची दोन उदाहरणे महाराष्ट्राने विसरू नयेत. परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६९ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला. त्यातून रोजगार हमी योजना आली, १९७२ च्या दुष्काळात ती हजारो गावांच्या कामी आली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. राष्ट्रीय रोजगार हमी कायदा व्हायला त्यानंतर २८ वर्षे लागली. दुसरे उदाहरण जादूटोणाविरोधी कायद्याचे. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी कायदा करा, हा अशासकीय, म्हणजे सरकारने नव्हे तर एका सदस्याने आणलेला, प्रस्ताव जुलै १९९५ मध्ये पां. ग. दस्तुरकर यांनी विधान परिषदेतच मांडला आणि परिषदेने त्याला पाठिंबा दिला. कल्पना तिथे विधिमंडळात शिरली.

पण याच कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले आणि परिषदेच्या टप्प्यावर ते अडकले. पुढची आठ वर्षे ते कधी समितीत, कधी कार्यक्रमपत्रिकेवर, कधी अधिवेशन संपले म्हणून मागे, असे फिरत राहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रत्येक अधिवेशनाला पाठपुरावा करत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. चार दिवसांत अध्यादेश निघाला, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा केला. परिषदेला घटनेने चार महिन्यांपेक्षा जास्त रोखण्याचा अधिकारच नाही, हे लक्षात घेतले की दोष कुठे होता ते दिसते. सरकारची इच्छा नव्हती, आणि दुसरे सभागृह त्या अनिच्छेला आडोसा म्हणून वापरले गेले. दुसऱ्या वाचनासाठी दिलेला वेळ आणि कुजवण्यासाठी दिलेला वेळ बाहेरून सारखेच दिसतात. फरक ओळखायची खूण एकच: समितीला अहवालाची तारीख दिली आहे का, आणि तिने कोणाला बोलावले.

परिषदेवरचे इतर आक्षेपही खरे आहेत. निवडणुकीत पडलेल्यांना मागच्या दाराने आणण्याची सोय म्हणून तिचा वापर होतो. राज्यपालनियुक्त १२ जागा २०२० पासून चार वर्षांहून अधिक काळ रिकाम्या राहिल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतल्या सात भरल्या, त्याही बहुतेक राजकीय कार्यकर्त्यांनीच. राज्यसभेबद्दलही असेच बोलता येते. आपल्या राज्याचा रहिवासी असण्याची अट २००३ मध्ये काढल्यापासून कुठल्याही राज्यातून कुणीही निवडून येऊ शकतो, आणि राज्यांचे सभागृह हे नाव थोडे सैल झाले आहे. माझ्या मते या आक्षेपांचे उत्तर सभागृह बरखास्त करणे हे नाही. माणसे कशी निवडायची आणि विधेयके समितीकडे कधी पाठवायची, याचे नियम घट्ट करणे हे आहे. एका ठरावीक आकारापेक्षा मोठे, नागरिकांच्या हक्कांना हात घालणारे प्रत्येक विधेयक समितीकडे गेलेच पाहिजे, असा नियम झाला तरी पुष्कळ साधेल.

आपल्याला काय करता येते

समिती बसली की ती वृत्तपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर सूचना देऊन लोकांकडून निवेदने मागवते. मुदत पुष्कळदा पंधरवड्याइतकीच असते. निवेदन पाठवायला संस्था असावी लागत नाही, वकील लागत नाही. विधेयकाचे नाव, कोणत्या कलमाला हरकत आहे, ते प्रत्यक्षात कोणावर कसे येईल आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, इतके दोन पानांत लिहिले तरी ते समितीच्या सचिवालयाकडे नोंदले जाते. प्रत्यक्ष साक्ष द्यायची इच्छाही त्यात कळवता येते. सर्वांत उपयोगी पडतो तो अनुभव: कृत्रिम गर्भधारणेच्या दवाखान्यात काम करणारी परिचारिका, बाजार समितीतला मापाडी, रेशन दुकानात ठसे घेणारा माणूस. मसुदा लिहिणाऱ्यापर्यंत हेच पोहोचलेले नसते.

कायदा झाल्यावरही एक टप्पा उरतो आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. प्रत्येक कायद्याखाली खाते नियम काढते. सरोगसी कायद्याच्या नियमांत मार्च २०२३ मध्ये बदल करून स्त्रीबीज आणि शुक्राणू दोन्ही त्या जोडप्याचेच हवेत, असे ठरवले गेले. जिच्या शरीरात स्त्रीबीजच तयार होत नाही तिचे दार पुन्हा बंद झाले, आणि या वेळी कोणतेही सभागृह ते वाचायला थांबले नव्हते. बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून वैद्यकीय कारण असेल तर एक बीज दात्याचे चालेल असे करण्यात आले. असे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ३० दिवस ठेवावे लागतात, आणि त्या मुदतीत राज्यसभेचा कोणताही सदस्य त्यांत बदल सुचवू शकतो. महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा एक खासदार तिथे बसतात, त्यांची नावे आणि ईमेल पत्ते राज्यसभेच्या संकेतस्थळावर आहेत.